भूकंप, पूर आणि दवाखान्याची लॅब : आपल्या कारागिरांपुढचे एक दुर्लक्षित काम

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे उशिरा झोपली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि किल्लारीसह बावन्न गावे जमीनदोस्त झाली. त्यांतली बरीच लातूर जिल्ह्यातली होती. पण सास्तूर, राजेगाव, होळी, पेठसांगवी ही आपल्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली. मातीत रचलेल्या दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती आणि वर लाकूड-मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर त्या पहाटे माणसांवर कोसळले. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. जखमींना उमरगा, लातूर, सोलापूर येथील दवाखान्यांत नेण्यात आले.

या भूकंपावर, मदतकार्यावर आणि पुनर्वसनावर पुष्कळ लिहून झाले आहे. आम्ही आज दवाखान्यातल्या एका लहानशा खोलीकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ती खोली म्हणजे लॅब. रक्त, लघवी, थुंकी तपासण्याची जागा. व्यापार-उद्योगाच्या पानावर लॅबचे काय काम, असे काही बंधू विचारतील. काम आहे. संकटात ही खोली बंद पडते ती बहुतेक वेळा डॉक्टर नाहीत म्हणून नव्हे, तर लाईट नाही, फ्रीज गरम झाला, पाणी संपले, रस्ता तुटला म्हणून. आणि हे चारही प्रश्न सोडवणारे हात आपल्या बाजारातले आहेत. वायरमन, फ्रीजवाले, मोटार वाइंडिंगवाले, बॅटरीवाले, वेल्डर, सुतार, छापखानेवाले, बर्फवाले, टेम्पोवाले. मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी या धंद्यांतली दुकाने पाहा, पाट्यांवरची नावे वाचा, म्हणजे आम्ही हा विषय या पानावर का घेतला ते कळेल.

भूकंपात लॅबचे एवढे अडते कुठे? ढिगाऱ्याखाली माणसाची मांडी किंवा दंड तासन् तास दाबला गेला तर आतले स्नायू मरू लागतात. लोक दगड उचलतात, माणूस बाहेर येतो, बोलतो, पाणी मागतो. सगळ्यांना वाटते, वाचला. पण दाब निघताच मेलेल्या स्नायूंतले पोटॅशियम आणि तांबूस द्रव्य रक्तात उतरते. पोटॅशियम वाढले की हृदय थांबू शकते. ते द्रव्य मूत्रपिंडात अडकले की लघवी चहासारखी काळपट होते आणि मग बंद होते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडले तेव्हा ढिगाऱ्यातून काढलेल्या माणसांचे असे मृत्यू पाहून १९४१ साली डॉक्टरांनी हा प्रकार नीट लिहून ठेवला. तो ओळखायचा तर रक्तातले पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि लघवी तपासावी लागते. शिवाय शस्त्रक्रियेसाठी हिमोग्लोबिन आणि रक्त चढवायचे तर रक्तगट व क्रॉस मॅचिंग. म्हणजे पहिल्या दोन दिवसांत चार-पाचच तपासण्या लागतात, पण त्यांच्यावाचून डॉक्टर आंधळे होतात. बाकीच्या शंभर तपासण्या त्या दिवशी बंद राहिल्या तरी चालते. हे आपल्या मिस्त्रींनी लक्षात ठेवावे, कारण वीज थोडी असली की कशाला द्यायची हे त्यावरून ठरते.

१९९३ साली पोटॅशियम मोजायला मोठ्या दवाखान्यांत फ्लेम फोटोमीटर असे. त्याला गॅसची टाकी, हवेचा कॉम्प्रेसर आणि वीज, तिन्ही लागत. आज लहान इलेक्ट्रोलाइट मशिन आली आहेत, रक्तपेशी मोजणारी काउंटर आली आहेत. तपासणी सोपी झाली, पण विजेवरचे अवलंबन वाढले. जुन्या काळचा तंत्रज्ञ साहलीच्या नळीत रक्ताचा थेंब आणि पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घालून, खिडकीशी उभा राहून, रंग जुळवून हिमोग्लोबिन सांगत असे. मायक्रोस्कोपला खाली आरसा असे, त्यात उजेड धरला की काम होई. हाताने फिरवायचे सेंट्रिफ्यूज टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळत आणि हँडल फिरवून रक्तातला द्रव वेगळा काढत. ही साधने अनेक ठिकाणी भंगारात गेली. आमचे स्पष्ट मत आहे की प्रत्येक लॅबने यांतला एक एक नग जपून ठेवावा. आणि आपल्या भंगारवाल्या बंधूंकडे असे सेंट्रिफ्यूज किंवा आरशाचा मायक्रोस्कोप आला तर तो वजनावर वितळवायला देऊ नये. गिअरला तेल-ग्रीस आणि बेअरिंगची दुरुस्ती एवढ्यावर ते उभे राहते, आणि गिऱ्हाईक शोधले तर मिळते.

आता फ्रीजविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त घात इथेच होतो. रक्तगट तपासायचे जे द्रव असतात, त्यांना अँटीसेरा म्हणतात. ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागतात. रक्ताची बाटली किंवा पिशवी त्याहून कडक, २ ते ६ अंशांत. घरच्या फ्रीजमध्ये दूध नासले तर वास येतो. अँटीसेरा नासला तर वास येत नाही. तो आपला शांतपणे कमजोर होतो. काचेवर थेंब टाकला की गुठळ्या व्हायला हव्यात, त्या होत नाहीत, आणि ए गटाचे रक्त ओ गटाचे म्हणून लिहिले जाते. ते रक्त ओ गटाच्या रुग्णाला चढवले तर त्याचा जीव जाऊ शकतो. बंद पडलेले मशिन निदान आपण बंद आहोत हे सांगते. बिघडलेल्या थंडाव्याचा रिपोर्ट मात्र नेहमीसारखाच स्वच्छ अक्षरात छापून येतो.

एका तालुक्याच्या गावी आमच्या पाहण्यात आलेली गोष्ट सांगतो. तिथल्या लॅबचा फ्रीज दुरुस्त करून आणला होता. थर्मोस्टॅट मिळेल तो बसवला होता आणि ‘जास्त थंड झाले तर चांगलेच’ असे मिस्त्रींचे म्हणणे. मागच्या कॉइलला टेकलेल्या बाटल्या रात्रीत गोठल्या. गोठून वितळलेला अँटीसेरा वरून अगदी पूर्वीसारखाच दिसत होता. तंत्रज्ञ हुशार, रोज सकाळी ठाऊक असलेल्या गटाच्या रक्तावर थेंब टाकून पाहण्याची त्यांना सवय. गुठळ्या नेहमीसारख्या आल्या नाहीत, म्हणून चूक पकडली गेली. मिस्त्रींचा हेतू वाईट नव्हता. त्यांना या फ्रीजमध्ये काय ठेवतात हे कोणी सांगितले नव्हते आणि त्यांनीही विचारले नाही. लॅबचा फ्रीज दुरुस्त करताना थर्मामीटर आत ठेवून एक दिवस निरीक्षण केल्याशिवाय तो ताब्यात देऊ नये. या एका दिवसाची मजुरी मागून घ्यावी, पण दिवस सोडू नये.

लाईट गेल्यावर भरलेला फ्रीज दार न उघडता साधारण चार तास थंडावा धरतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहूनही कमी धरा. म्हणून आत रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवाव्यात. त्यांचा गारवा कामी येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसींचा जो आयएलआर असतो, तो याच तत्त्वावर चालतो. त्याच्या भिंतींत पाण्याच्या नळ्या किंवा पिशव्या असतात, त्या गोठतात आणि दिवसातून आठ तास लाईट मिळाली तरी चोवीस तास काम निभावते. आपल्या फ्रीजवाल्या बंधूंनी एकदा तो उघडून पाहावा, बरेच शिकायला मिळेल. बर्फवाल्यांसाठीही एक सूचना. आइसबॉक्समध्ये बर्फाला लागून अँटीसेराची बाटली ठेवू नये. मध्ये पुठ्ठा किंवा कापडाची घडी हवी. गोठवलेला आइस पॅक बाहेर काढून, आतले पाणी हलवल्यावर वाजू लागेपर्यंत थांबावे आणि मग तो पेटीत घालावा.

विजेचे गणित सोपे आहे, तरी ते करण्याचे कष्ट कोणी घेत नाही. १२ व्होल्टची १५० अ‍ॅम्पिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. प्रत्यक्षात निम्मेच धरावेत, नाहीतर बॅटरी लवकर मरते. उरले ९००. मायक्रोस्कोपचा एलईडी दिवा चार-पाच वॅट खातो, लहान सेंट्रिफ्यूज दीड-दोनशे वॅट, पण ते एका वेळी पाच-दहा मिनिटेच फिरते. म्हणजे एका बॅटरीवर गरजेच्या तपासण्या एक रात्र सहज निघतात. पण त्याच लाइनवर कोणी एसी किंवा पाणी तापवायचे हीटर लावले की अर्ध्या-पाऊण तासात अंधार. म्हणून लॅबची लाइन स्वतंत्र ओढावी, प्लगचा रंग वेगळा ठेवावा आणि त्यावर मराठीत लिहावे : ‘फक्त तपासणीसाठी’. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होताना कितीतरी पट करंट ओढतो, म्हणून तो लहान इन्व्हर्टरवर न घालता जनरेटरवर घ्यावा.

जनरेटरची खरी अडचण इंजिनात नसते, डिझेलमध्ये असते. पाच केव्हीएचा संच भारावर तासाला साधारण दीड लिटर पितो. तीन दिवस चालवायचा तर सव्वाशे लिटरच्या आसपास साठा हवा. लाईट गेली की पेट्रोल पंपही बंद पडतात, त्यांच्याकडे जनरेटर नसेल तर टाकीत डिझेल असून मिळत नाही, हे विसरू नये. दुसरी गोष्ट जागेची. २०१५ साली चेन्नईत पूर आला तेव्हा एका मोठ्या रुग्णालयाची वीजव्यवस्था पाण्यामुळे बंद पडली आणि रुग्ण दगावले. श्रीमंत देशांतही हेच. २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर वर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते, पण डिझेल वर चढवणारे पंप तळघरात. तळघरात पाणी शिरले आणि माणसांनी रांग लावून तेरा मजले हातोहात डिझेल पोचवले. शेवटी रुग्णालय रिकामे करावे लागलेच. कोट्यवधी डॉलरची इमारत आणि चूक एका पंपाच्या जागेची! आपल्या वेल्डर बंधूंनी तीन-चार फूट उंचीचा लोखंडी चौथरा करून दिला तर नदीकाठच्या गावातले बरेच दवाखाने या संकटातून वाचतील.

आपल्या जिल्ह्यात पूर कुठला, हा तर दुष्काळी भाग, असे म्हणणाऱ्यांनी सप्टेंबर २०२५ आठवावा. परंडा, भूम या भागांत असे पाणी आले की माणसांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. ज्या गावांत उन्हाळ्यात टँकर येतो, त्याच गावांत पाणी घरात शिरले. पुरानंतरच्या तपासण्या भूकंपाहून वेगळ्या असतात. जखमा कमी, जुलाब, कावीळ, विषमज्वर, लेप्टो, डेंग्यू यांची शंका जास्त, आणि त्या आठ-पंधरा दिवसांनी वाढतात. तेव्हा पहिला प्रश्न विहिरीच्या आणि टँकरच्या पाण्याचा. क्लोरीन आहे की नाही हे ओटी द्रवाचे थेंब टाकून पिवळा रंग आला की कळते. मैलामिश्रित पाणी ओळखायला एचटूएस बाटली असते. पाणी भरून ठेवले आणि एक-दोन दिवसांत काळे पडले की ते पिऊ नये. १९८२ साली ही युक्ती आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी काढली. हॉटेलवाले, बर्फ कारखानेवाले आणि टँकरवाले या बंधूंनी हे स्वतःच्या दुकानात ठेवायला काहीच हरकत नाही. सरकारी माणूस येईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही.

वायरमन बंधूंसाठी एक मुद्दा खास आपल्या मातीचा. मशिनला अर्थिंग चांगले हवे. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, मीठ-कोळसा असूनही उपयोग होत नाही. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज दोन-तीन व्होल्टच्या आत नसेल तर नाजूक मशिनचे आकडे भरकटतात किंवा कार्ड जळते. जनरेटरवर बदलल्यावर हा फरक आणखी वाढलेला दिसतो. मीटर लावून मोजा, वहीत लिहा, खड्ड्यात पाणी सोडा. दहा मिनिटांचे काम आहे. मात्र मशिनचे झाकण स्वतः उघडू नका. मोठ्या मशिनची देखभाल कंपनीकडे असते, तिचा इंजिनिअर पुण्याहून किंवा हैदराबादहून येतो आणि हात लावलेला दिसला की हमी संपली असे सांगतो. आपले काम मशिनच्या भिंतीपर्यंत : वीज, पाणी, थंडावा, टेबल.

टेबलावरून सुतारांची आठवण झाली. किल्लारीसारखा धक्का बसला तर इमारत उभी राहिली तरी कपाटे पडतात आणि अ‍ॅसिडच्या बाटल्या फुटतात. कपाट भिंतीला दोन पट्ट्यांनी आवळणे, प्रत्येक फळीला पुढून दोन बोटे उंच पट्टी मारणे, अ‍ॅसिड सर्वांत खालच्या खणात, गॅसची टाकी साखळीने बांधलेली. अर्ध्या दिवसाची मजुरी. २००१ साली भूजला तर रुग्णालयाची इमारतच कोसळली आणि तंबूत दवाखाना चालवावा लागला. म्हणून आमची सूचना अशी की गरजेचे सामान एका पत्र्याच्या पेटीत वेगळे बांधून ठेवावे, जी दोन माणसे उचलून मैदानात आणू शकतील. साहलीचा संच, स्लाइड, आरशाचा मायक्रोस्कोप, हाताचे सेंट्रिफ्यूज, लघवीच्या पट्ट्या, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन, रजिस्टर. अशी पेटी बनवून देणे हा स्वतंत्र धंदा होऊ शकतो.

आणि छापखाना. हे ऐकून काहींना नवल वाटेल, पण चुकीचे रक्त चढवले जाण्याचे एक मोठे कारण मशिन नव्हे, चुकीचे नाव असते. ढिगाऱ्यातून काढलेला माणूस बेशुद्ध, बरोबर कोणी नाही, कॉम्प्युटर बंद. आपल्याकडे तर एका गल्लीत तीन शेख रसूल असतात, गावात किती ते विचारू नये. वडिलांचे नाव, गाव, वय आणि सर्वांत महत्त्वाचा नंबर हवा. नंबरिंग मशिनने एकच आकडा चार वेळा छापलेले चिकटपट्टीचे संच करून द्यावेत : एक मनगटाला, एक रक्ताच्या नळीला, एक कागदाला, एक रजिस्टरला. लग्नपत्रिकांच्या दोन हंगामांच्या मधल्या काळात हे काम छापखान्यांना बरे आहे.

नमुना दुसऱ्या गावी पाठवायचा असेल तर टेम्पो-जीपवाल्यांनाही दोन गोष्टी ठाऊक हव्यात. उमरग्याहून सोलापूरला रक्त नेताना नळ्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नयेत आणि खडखडाट होईल अशा सुट्या ठेवू नयेत. हेलकाव्याने रक्तपेशी फुटल्या तर त्यांतले पोटॅशियम द्रवात उतरते आणि धडधाकट माणसाचा आकडा मरणासन्न माणसासारखा येतो. लॅबवाल्यांनी नळी अर्धा-पाऊण तास उभी ठेवून, रक्त गोठल्यावर वरचा द्रव वेगळा काढूनच पाठवावा. वीज नसेल तर हाताचे सेंट्रिफ्यूज आहेच.

पैशाचे बोलायलाच हवे. सरकारी दवाखान्याचे काम म्हटले की आपले कारागीर दूर पळतात, कारण बिल अडकते. ही तक्रार खोटी नाही. पण लहान दुरुस्तीसाठी रुग्ण कल्याण समितीकडे निधी असतो, आणि लेखी कामाचा आदेश, सही केलेले चलन व फोटो असेल तर बिल निघते. तोंडी सांगण्यावर काम करून नंतर चकरा मारणे ही आपलीच चूक आहे. खासगी लॅबशी वर्षाचा करार करावा. त्यात संकटकाळाचा दर आधीच लिहावा. हे यासाठी की, त्या रात्री भाव करण्याची पाळी येऊ नये. डिझेल, बर्फ, बॅटरी यांचा साठा दाबून दुप्पट भाव लावणे हा इहतिकार आहे. तो हराम आहे हे आपल्या वाचकांना सांगायला नको, पण पूर किंवा भूकंप आला की कोणी ना कोणी हे करतोच, आणि बदनामी सगळ्या बाजाराची होते. मुदत संपलेले किट स्वस्तात विकणाऱ्यांविषयी तर बोलूच नये. दुसरीकडे, फुकट काम करावे असेही आमचे म्हणणे नाही. इमाम गझाली यांनी वैद्यकाबरोबर शेती, विणकाम यांसारख्या कारागिरीलाही फर्ज-ए-किफायात धरले आहे. वस्तीत ते काम करणारा कोणीच नसेल तर गुन्हा सगळ्यांच्या माथी. मजुरी घेतल्याने त्या कामाचा दर्जा कमी होत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्यात, आपल्या गावातल्या लॅबमध्ये एकदा जाऊन यावे. जनरेटर नुसता चालू करून बंद करू नये. फ्रीज आणि सेंट्रिफ्यूज जोडून अर्धा तास भारावर चालवावा. ज्यांचे दुकान जुम्याच्या दिवशी बंद असते, त्यांनी महिन्यातला एक शुक्रवार नमाजनंतर यासाठी ठेवला तरी पुरे. मग लॅबच्या दारामागे एक कार्ड लावावे. त्यावर वायरमन, फ्रीजवाले, जनरेटरवाले, बर्फवाले, टेम्पोवाले यांची नावे, मोबाइल नंबर आणि घराचा पत्ता. पत्ता विसरू नका. १९९३ च्या त्या पहाटे माणसे पायी आणि सायकलवर निरोप घेऊन गेली होती, आणि पुढच्या वेळी मोबाइलचा टॉवर उभा असेलच याची खात्री कोण देणार?